वजन परत चढलेली मैत्रीण ग्रुपपासून लांब गेली आहे. काय करू?

गोदाकाठ

नमस्कार. वजन कमी करण्याची सर्जरी करावी का, खर्च किती येतो, यावर इथे पुष्कळ धागे आहेत. माझा प्रश्न त्यानंतरच्या आयुष्याचा आहे, म्हणून ज्यांच्या सर्जरीला पाच-सात वर्षं होऊन गेलीत त्यांनी जरूर लिहा.

माझी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची सर्जरी, २०१६ ला झाली, नाशिकलाच. हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये आम्ही चौघी भेटलो आणि ओळख टिकली. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे चौघींचे कपडे आत घेण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी सगळं अंगाला ढगळ व्हायचं. मग एक मोठी पिशवीच फिरायला लागली. एकीला सैल झालेला कुर्ता दुसरीला, दुसरीचा तिसरीला. नवीन कपडे घ्यायचे नाहीत असं ठरलंच होतं, कारण ते कितीसे दिवस पुरणार?

या चौघींतली जी माझी सगळ्यात जवळची, तिच्याबद्दल लिहितेय. सुरुवातीला माझं पाणीसुद्धा छातीत अडकायचं. घरचे घाबरायचे, मी तिला फोन करायचे. ती म्हणायची, "घोट घेऊ नकोस, चमच्याने घे," आणि मी चमचा-चमचा पाणी पिईपर्यंत फोन चालू ठेवायची. केस मूठ-मूठ गळायला लागले तेव्हा तिनेच सांगितलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकींचे गळतात आणि परत येतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की आपल्या पानावर आडवा हात धरायची आणि दुसरा हात माझ्या पानावर. "आम्हाला पथ्य आहे हो," एवढंच. मला बोलावं लागायचं नाही. घरातल्यांना दोन वर्षांत सवय झाली, कौतुकही संपलं. आता सासरचे म्हणतात, "अजून किती दिवस तुझं हे वाटीभर खाणं?" हे आयुष्यभराचं आहे हे फक्त या तिघींना सांगावं लागत नाही.

रविवारी सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायचं आणि मग मिसळ, हा आमचा नेम. चौघींत एक मिसळ. मटकी जास्त, तर्री कमी, पाव बाजूला. वर पाणी प्यायचं नाही, ते अर्ध्या तासाने. हॉटेलवाला आता चार वाट्या न सांगता आणून ठेवतो.

लॉकडाऊनमध्ये तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. जागरणं, वेळी-अवेळी चहा-बिस्किटं, उभ्या-उभ्या दोन घास चिवडा. त्यातच पाळी जायची वेळ. सासूबाई गेल्या आणि ती जरा मोकळी झाली, पण तोवर वजन बरंच चढलं होतं. आम्हाला ती काही बोलली नाही. मला कळलं ते असं, की एक दिवस फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "तो माझा जांभळा कुर्ता आहे का गं तुझ्याकडे?" तो तिचा सर्जरीच्या आधीचा कुर्ता.

त्यानंतर ती रविवारी यायची बंद झाली. कधी गुडघा, कधी पाहुणे. आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आता मीटिंगमधली बरीच मंडळी आहेत. तिथे सर्जरीच्या वाढदिवसाला आधीचा आणि आताचा फोटो टाकायची पद्धत आहे. तिच्या वाढदिवसाला तिने काहीच टाकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला. रक्ताच्या तपासण्यांनाही जात नाही. मध्ये म्हणाली होती, पायाला सारख्या मुंग्या येतात.

बँकेतली मैत्रीण म्हणते, तिला वेळ दे, ती आपणहून येईल. मला तसं वाटत नाही. वजनाचा विषय काढू की काढू नको? सरळ घरी जाऊ का? मला ती रविवारी परत यायला हवी आहे, सडपातळ होऊन नव्हे, आहे तशी.

पंचगंगा

ताई, आधी मुंग्यांचं. बाकी सगळं सावकाश करा, यात वेळ घालवू नका. मी कोल्हापूरचा, माझी बायपास (हृदयाची नव्हे, वजनासाठी जठराची) २०१३. अशा मुंग्या बी-१२ व्हिटॅमिन कमी पडल्याने येऊ शकतात. ते शोषलं जायला जठरात तयार होणारा एक घटक लागतो. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग काढलेला असतो, बायपासमध्ये अन्न त्या भागाकडे जातच नाही. यकृतात साठा असतो म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही, कमतरता उशिरा दिसते. तोवर माणूस गोळ्या विसरलेला असतो. मैत्रीण शाकाहारी असेल किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखीच. नसांना इजा होऊन फार दिवस गेले तर ती पूर्ण भरून येत नाही. बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), डी व्हिटॅमिन, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. मुंग्यांबरोबर उलट्याही होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि बी-१ बद्दल विचारा.

दुसरं, गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून परस्पर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेत नाही ना, बघा. बायपासवाल्यांना तर त्याने जठर आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो, आणि स्लीव्ह असली तरी न विचारता घेऊ नये.

वजन चढलेली माणसं फॉलोअपला जात नाहीत यामागे माझ्या मते एकच कारण आहे: दारातला काटा. आत गेल्या-गेल्या चार लोकांसमोर उभं करतात आणि नर्स आकडा मोठ्याने वाचते. आमच्याकडच्या एका काकांसाठी मी आधी फोन करून सांगितलं, आज फक्त रक्त घ्या, वजन नको. ऐकलं त्यांनी. तुम्हीही सांगून बघा.

आणि तिला हेही कळू दे की ती एकटी नाही. एक-दोन वर्षांत वजन सगळ्यात खाली जातं, मग बऱ्याच जणांचं थोडंफार चढतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून सर्जरीवाल्यांचा मोठा अभ्यास चालला, त्यातही सरासरी वजन पहिल्या वर्षानंतर हळूहळू वर आलं आणि मग स्थिरावलं. तरीही सर्जरी न केलेल्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यू कमी झाले. म्हणजे चढलेल्या किलोंनी ऑपरेशन वाया जात नाही. ज्यांचं फारच चढतं त्यांच्यासाठी आता औषधंही आहेत. टिर्झेपॅटाईड आणि सेमाग्लुटाईडची इंजेक्शनं आपल्याकडे वजनासाठी २०२५ मध्ये आली. पण ते सर्जनने ठरवायचं, शेजारणीचं बघून नाही.

अबोली_ठाणे

गोदाकाठ, मी तुमच्या मैत्रिणीच्या जागी होते, म्हणून लिहिते.

वजन परत चढतं तेव्हा लोकांपेक्षा आपल्याच माणसांची भीती जास्त वाटते. बाहेरच्यांना माझा नीचांकी आकडा माहीत नव्हता, ग्रुपला पाठ होता. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली तर काही वाटायचं नाही, पण ग्रुपमधली कोणी बाजारात दिसली की मी गल्ली बदलायचे. आणि ते आधी-नंतरचे फोटो! ज्यांचा "नंतर"चा फोटो जुना झाला त्यांनी काय टाकायचं? आमच्या ग्रुपवर कोणी टाकला की खाली पन्नास टाळ्या, आणि मी फोन उलटा ठेवून भांडी घासायला उठायचे.

मला सल्ले भरपूर आले. प्रोटीन वाढव, पुन्हा लिक्विडवर जा, मन खंबीर कर. सगळी चांगल्या मनाने बोलत होती. पण मला काय खायचं ते येत होतं, साठ ग्रॅम प्रोटीन कशातून येतं ते मी झोपेतही सांगितलं असतं. मला परत आणलं ते एका मैत्रिणीने, आणि तिने वजनाचा व-सुद्धा काढला नाही. तिने माझ्याकडे काम आणलं. तिच्या लेकीच्या साखरपुड्याला साड्या घ्यायच्या होत्या, म्हणाली, "तुला रंग कळतात, तू चल, मला एकटीला दुकानदार गुंडाळतात." दादरला दोन तास हिंडलो. परतताना मीच बोलले, सगळं. तिने ऐकलं आणि विचारलं, "तपासणीला मी येऊ का सोबत?"

म्हणून माझं मत: घरी जा, पण काहीतरी काम घेऊन जा. आणि तिचा कुर्ता तिला द्या. तिने मागितला होता ना? तुम्ही अजून दिलेला दिसत नाही. आणलाय एवढं म्हणून खुर्चीवर ठेवून द्या.

मु_पो_सातारा

माझं मत थोडं वेगळं. माझ्या आईची मिनी बायपास झाली आहे, आणि मी पाहिलंय की कोणी पाठीमागे लागलं की ती आणखी मिटते. घरातला प्रत्येक जण तिच्या ताटात बघतो. एकदा जाऊन या, दार उघडं आहे हे सांगा, पण तिच्या नवऱ्याला किंवा मुलांना मध्ये घालू नका. मुंग्यांच्या बाबतीत मात्र पंचगंगांशी सहमत.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच लिहिणार होते, पण म्हटलं आधी जाऊन येते.

अबोली, तुमचं वाचून पिशवी काढली. कुर्ता होता, पण मी तो माझ्या मापाचा करून घेतला होता. नशिबाने शिवताना कापला नव्हता, माया आतच ठेवली होती. दोन्ही बाजूंच्या टिपा उसवल्या, जुन्या शिवणीच्या खुणांवर पुन्हा टीप मारली, इस्त्री केली. सोबत काम म्हणून माझ्या भाचीच्या डोहाळजेवणाची यादी नेली. ओटी, फुलांची वाडी, गाणी, हे सगळं तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

तिने दार उघडलं तेव्हा ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतली होती. मी बसले, यादी काढली. तिने पेन घेतलं आणि माझी निम्मी यादी खोडली. तासाभराने चहा केला, आणि कप हातात देताना म्हणाली, "तुला कळलं असेलच." मी म्हटलं, "हो." ती रडली, मीही रडले. मग तिने सांगितलं की रात्री तिला खरी भूक लागते, पूर्वीसारखी, आणि ते कोणाला सांगायची तिला लाज वाटत होती. भूक लागणं हा गुन्हा आहे का हो? माझ्या मते आपल्या मीटिंगांमध्ये हे कोणी बोलतच नाही. पहिल्या वर्षाच्या लोकांना टाळ्या मिळतात, आठव्या वर्षीच्या भुकेबद्दल कोणी विचारत नाही.

सातारकर, तिच्या घरच्यांना मी काही बोलले नाही.

ग्रुपच्या अॅडमिनशी मात्र बोलले. वाढदिवसाला फोटो टाकायची सक्ती कधीच नव्हती म्हणाले. मी म्हटलं, सक्ती नाही पण रीत आहे, आणि रीत मोडायला बाईला सक्तीपेक्षा जड जातं. त्यांना फारसं पटलेलं नाही. मी पुन्हा बोलणार आहे.

रक्त देऊन आलो, मी सोबत होते. आधी फोन केला होता, वजन घेतलं नाही. बी-१२ खूपच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झालीत. फेरिटिनही कमी. गुडघ्यासाठी ती खरंच मेडिकलमधून गोळ्या आणत होती, त्या डॉक्टरांनी बंद केल्या. रविवारचं अजून नक्की नाही. ट्रॅकवर नको म्हणाली, ओळखीचे भेटतात. म्हणून सध्या संध्याकाळी तिच्याच कॉलनीत आम्ही दोघी चालतो.

पंचगंगा, एक विचारायचं होतं. डॉक्टरांनी कॅल्शियम सिट्रेट दिलंय, पण गोळी एवढी मोठी आहे की ती घशात अडकते म्हणून टाळते. दुसरं काही मिळतं का? आणि लोहाची गोळी त्यासोबतच घेतली तर चालेल?

पंचगंगा

सोबत नको. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. चहाबरोबरही लोह नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. मोठी गोळी जमत नसेल तर चघळायची किंवा पातळ औषध लिहून द्या म्हणून डॉक्टरांना सांगा. फक्त सिट्रेटच असू दे, कार्बोनेटला ॲसिड लागतं आणि ते सर्जरीनंतर आपल्या जठरात कमी. एकदम सगळा डोस घेऊ नये, दिवसातून दोन-तीनदा विभागून.

तिचा बी-१२ चा पुढचा रिपोर्ट आला की इथे कळवा.