मदत हवी आहे: तारापूरच्या हवेत टिकेल असा हाताने फिरवायचा फायर मॉनिटर कोणता घ्यावा?

मंडळी, नमस्कार.

तारापूर एमआयडीसीतल्या एका मध्यम केमिकल युनिटमध्ये मी मेंटेनन्स बघतो. सॉल्व्हंट टँक फार्मच्या चार बाजूंना चार वॉटर मॉनिटर आहेत, म्हणजे आगीवर पाण्याचा जोरदार झोत मारणाऱ्या फिरत्या तोफा. स्टँडपोस्टवाले (उभ्या पाइपावर बसवलेले), ६३ मिमीचे, एमएसचे (साध्या स्टीलचे), लाल रंग मारलेले. लांबून बघाल तर नवे वाटतील. मागच्या मॉक ड्रिलला पूर्वेकडचा मॉनिटर खाली-वर झाला, पण आडवा फिरेना. दोघांनी हँडलमध्ये पाइप घालून जोर लावला तेव्हा कुठे कर्रकर्र करत हलला. खऱ्या आगीत तेवढा वेळ कोण देतो?

नंतर स्विव्हल, म्हणजे फिरता सांधा, खोलून पाहिला. पाइपाला आतून फारसं काही झालं नव्हतं. गंज होता तो बॉल रेसमध्ये, म्हणजे ज्या खाचेत गोळ्या फिरतात तिथे. अर्ध्याअधिक गोळ्या खाचेला चिकटून बसलेल्या, काहींचे गोल आकारही गेलेले, आणि ग्रीस दुधासारखं पांढरं. ग्रीस निपल तर रंगाखाली बुजलेलं. वर्षानुवर्षं रंग मारत होते, ग्रीस कोणी मारत नव्हतं.

आता चारही बदलायचे आहेत. कोटेशनं अशी आली आहेत: एमएस वर इपॉक्सी, एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४, एसएस ३१६ गनमेटल (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) स्विव्हलसह, आणि एक ॲल्युमिनियमचा हलका. ३१६ चा आकडा एमएसच्या अडीचपट आहे. परचेसचं म्हणणं, "सगळ्यांवर आयएस ८४४२ (मॉनिटरचं भारतीय मानक) लिहिलंय, मग फरक कसला?" हवेचं म्हणाल तर समुद्र फार लांब नाही, आणि वारा फिरला की शेजारून ॲसिडचा उग्र वास येतो. परचेसला पटेल असं काय सांगू? आणि ३१६ घेतला म्हणजे प्रश्न सुटला का?

जुना फिटर

३१६ घेतला आणि त्यात गोळ्या साध्या स्टीलच्या असल्या तर पाच पावसाळ्यांनी तुम्ही पुन्हा इथेच धागा काढाल. मॉनिटर पाइपात मरत नाही, सांध्यात मरतो. त्यामुळे "एसएस ३१६ मॉनिटर" असं एका ओळीत मागूच नका. बॉडी, स्विव्हल, गोळ्या, वर्म गिअर, त्याची पिन, हँडव्हीलचा नट, फ्लँजचे बोल्ट, नोझल या प्रत्येकाचं मटेरियल वेगळं लिहून मागा. एकजण तरी "बोल्ट एमएस, झिंक प्लेटेड" असं लिहून पाठवेलच. मग चकचकीत एसएसवरून तांबूस ओघळ येतात आणि लोक म्हणतात, एसएसला गंज लागला.

एसएसवर एसएसचे आटे घासून जाम होतात, हेही लक्षात ठेवा. एकदा असा नट बसला की कापावा लागतो. म्हणून स्विव्हल गनमेटलचा, हे कोटेशन मला बरं वाटतं. गनमेटल म्हणजे आयएस ३१८ या मानकातला एलटीबी-२ ग्रेड, असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर पितळ येईल.

आधी तीन गोष्टी सांगा. आसपास अमोनिया आहे का? पाणी कुठलं? शेवटच्या मॉनिटरच्या बुडाशी प्रेशर किती मिळतं?

धागाकर्ता

अमोनिया नाही. पाणी एमआयडीसीचं, टाकीत साठवलेलं. दोन हायड्रंट उघडे ठेवून शेवटच्या मॉनिटरला गेज लावला तर ५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर मिळतं.

खताच्या कारखान्यातला

अमोनियाचं जुन्या फिटरनी विचारलं ते बरोबर आहे. आमच्याकडे तांब्याचं काहीही बाहेर ठेवायची सोय नाही. पितळ तर अमोनियात ताण असलेल्या जागी तडकतं. तुमच्याकडे नाही म्हणता, पण शेजाऱ्याकडे मोठा रेफ्रिजरेशन प्लांट असेल तर एकदा चौकशी करा.

जुबैलहून

इथे सौदीत फायर लाइनलाच समुद्राचं पाणी आहे, त्यामुळे निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे मॉनिटर. तुमचं पाणी गोडं आहे, उगाच त्या खर्चात पडू नका.

तुमचा शत्रू बाहेरून येतो, आतून नाही. ३०४ आणि ३१६ मध्ये मुख्य फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये तो २ ते ३ टक्के असतो. खारट हवेत ३०४ ला बारीक खड्डे पडतात, ३१६ बराच तग धरतो. पण हायड्रोक्लोरिकच्या वाफा रोजच्या असतील तर ३१६ लाही पडतात, विशेषतः वॉशरच्या खाली आणि फ्लँजच्या फटीत. उपाय फुकटचा आहे: महिन्यातून एकदा बाहेरून गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात देवच धुतो, खरा त्रास नोव्हेंबर ते मे.

ॲल्युमिनियम तुमच्या हवेत नकोच. एसएसच्या मॉनिटरवर ॲल्युमिनियमचं नोझलही नको. दोन धातू जोडले आणि वर खारट ओल असली की खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. बरेच जण महाग एसएस मॉनिटर घेतात आणि त्यावर जुनंच नोझल चढवतात. पुढे आटे इतके बसतात की नोझल निघतच नाही.

सेफ्टीवाली, महाड

गंजाबद्दल सगळे बोलले, मी पाण्याबद्दल बोलते. दादा, तुमचे ५ किलो मला खटकले. कोटेशनमधले १७५० लिटर प्रति मिनिट ७ किलोला असतात. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे ५ किलोला तेच नोझल साधारण १४८० देईल. थ्रो, म्हणजे झोताची फेक, तीही कमी होईल. तुमचे मॉनिटर टाकीपासून निदान १५ मीटर असणार, वरून वारा. तेव्हा थ्रोचा आकडा ७ ला नाही, ५ ला मागा. शक्यतो तुमच्याच आवारात चालवून दाखवायला सांगा. आणि प्रेशर का पडतंय तेही बघा. लाइन आतून गंजून अरुंद झाली असेल तर मॉनिटर सोन्याचा घेतला तरी उपयोग नाही.

दुसरं म्हणजे उलटा धक्का. ७ किलोला १७५० लिटर सोडताना मॉनिटरवर मागे साधारण ११० किलोचा जोर येतो. तो सगळा स्टँडपोस्टच्या बुडाशी जातो, आणि तिथेच माती-काँक्रीटच्या सांध्यावर पाइप सर्वात जास्त खाल्लेला असतो. रंग खरवडून बघा, जाडी मोजून घ्या. नवा मॉनिटर कुजक्या राइजरवर (त्या उभ्या पाइपावर) बसवू नका, ही माझी हात जोडून विनंती.

परचेसला सांगायला एक मुद्दा: फॉर्म बी, म्हणजे आगयंत्रणेचं सहामाही प्रमाणपत्र, दर जानेवारी आणि जुलैमध्ये जातो. त्यावर यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं लिहून द्यावं लागतं. न फिरणाऱ्या मॉनिटरवर सही कोण करणार, एवढंच विचारा.

जुना फिटर

ताईंना +१. लीव्हरवाला की चाकवाला, हे कोणी बोललं नाही. एकट्या माणसाने हातमोजे घालून चालवायचा असेल तर उभ्या हालचालीला वर्म गिअर आणि चाकच घ्या. हात सोडला तरी नोझल आहे तिथेच राहतं. आडव्या फिरण्याला लीव्हर चालेल, पण लॉक हवा. लॉकचा स्क्रूही एसएसचा, हे लिहायला विसरू नका. लॉकचा स्क्रूच गंजून मॉनिटर कायमचा लॉक झालेला मी पाहिला आहे.

आणि सर्वात खालच्या बेंडला ड्रेन असलाच पाहिजे. त्याशिवाय पाणी साचून राहतं.

भोसरीचा फॅब्रिकेटर

नेमप्लेटवर ३१६ कोणीही कोरतं. माल उतरवून घेण्याआधी पीएमआय (धातूत काय काय आहे याची तपासणी) करून घ्या, हातातली गन लावली की मॉलिब्डेनम लगेच दिसतं. फक्त बॉडीवर नाही, बेंड, फ्लँज आणि नटांवरही लावा. लोहचुंबकावर विसंबू नका. ओतीव ३१६, म्हणजे सीएफ८एम, थोडा चुंबकाला चिकटतो तरी अस्सल असतो, आणि ३०४ चा पाइप चिकटत नाही तरी तो ३१६ नसतो. वेल्डिंगनंतर पिकलिंग-पॅसिव्हेशन (ॲसिडने पृष्ठभाग साफ करणं) केलंय का तेही विचारा. वेल्डशेजारी निळसर-तपकिरी पट्टा तसाच राहिला असेल तर गंजाची सुरुवात तिथूनच.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. एन्क्वायरी नव्याने लिहितोय: बॉडी ३१६, स्विव्हल एलटीबी-२, गोळ्या आणि सगळे बोल्ट-पिना ३१६, नोझल गनमेटल, उभ्याला वर्म गिअर, खाली ड्रेन, ५ किलोला थ्रो, पीएमआय आमच्या माणसासमोर. चारही राइजरची जाडी आधी मोजणार. फॉर्म बी चा मुद्दा सांगितल्यावर परचेसचे साहेब गप्प झाले, फाइल वर गेली आहे. शेवटचा प्रश्न: ताडपत्रीचं कव्हर घालू का, आणि ग्रीस कुठलं?

जुबैलहून

कव्हर घालायचंच तर खालून मोकळं ठेवा. बुडाशी दोरीने आवळलं की आत घाम धरतो आणि उघड्यापेक्षा लवकर गंजतं. नोझल थोडं खाली झुकवून ठेवा, पावसाचं पाणी आत राहत नाही.

ग्रीस पाण्याने न धुपणारं, कॅल्शियम सल्फोनेटचं. पण आधी स्विव्हलचं सील कुठल्या रबराचं आहे ते विचारा. नायट्राइल असेल तर प्रश्न नाही. ईपीडीएम असेल तर खनिज तेलाच्या ग्रीसने तो फुगतो आणि मॉनिटर पुन्हा जड होतो, तिथे सिलिकॉन ग्रीस लागेल.