मदत हवी आहे: स्पॅनिश भविष्यकाळातला जोर ऐकून कसा ओळखायचा?

डेले बी१ या स्पॅनिशच्या परीक्षेची तयारी घरीच करतेय. नियमित क्रियापदांचा भविष्यकाळ लिहिताना अडत नाही. आब्लार (बोलणं), कोमेर (खाणं), बिबिर (जगणं, राहणं), तिन्ही गटांत मूळ रूपापुढे तेच प्रत्यय: आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. 'आम्ही'चं रूप सोडून सगळीकडे जोर दाखवणारी तिरकी खूण, हेही पक्कं आहे. तेनेरसारखी अनियमित क्रियापदं इथे नकोत.

गाडी अडते ती ऐकताना. जोर शेवटच्या 'रा'वर असला तर 'तो बोलेल'. तोच जोर 'ब्ला'वर गेला की सबजंक्टिव्हचं (अट, इच्छा, शंका दाखवणाऱ्या क्रियापदरूपाचं) भूतकाळी रूप, म्हणजे 'सि आब्लारा', 'तो बोलला तर'. आधी 'सि' (जर) असेल तर कळतं, पण 'के'नंतर (की) वेगात आलं की मी हमखास गोंधळते. मराठीत जोर हलवल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे कानाला ही सवयच नाही.

मोठ्याने म्हणून पाहिलं, ऑडिओ संथ करूनही ऐकला. संथ केल्यावर दोन्ही 'आ' सारखेच लांब वाटतात. 'बोय आ आब्लार' (मी बोलणार आहे) वापरून बोलताना निभावतं, ऐकताना नाही. क्लास लावणं सध्या शक्य नाही. उच्चार मेक्सिकोचा असो वा स्पेनचा, चालेल.

ज्यांनी मराठी कानाने हा फरक पकडला, त्यांनी नेमकं काय ऐकायला सुरुवात केली: स्वराची लांबी, सूर, की आधीचं क्रियापद?