३० टाके घातले होते, २० सेंमी विणल्यावर ३७ झाले. टाके कुठून वाढतात?

नवी_सुई:
दोन सुयांवरचं विणकाम अगदी सुरुवातीपासून शिकते आहे. डीके (डबल निटिंग, म्हणजे मध्यम) जाडीची अॅक्रिलिक लोकर, ४ मिमीच्या सुया, ३० टाके, आणि मफलरचा सराव म्हणून सगळ्या ओळी सुलट. २० सेंमी झाल्यावर तुकडा खाली अरुंद आणि वर रुंद दिसतोय. मोजले तर ३७ टाके! मध्ये दोन बारीक भोकं आहेत. खालची, टाके घातलेली कड आवळल्यासारखी आहे आणि टाक्यात सुई घालायला जोर लावावा लागतो.
१) टाके कुठून वाढतात?
२) सगळं उसवायचं की दुरुस्त होईल?
३) घट्टपणासाठी जाड सुया घ्यायच्या का?
४) एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट असा छोटा तुकडा विणला तर तो सुरळीसारखा गुंडाळला जातो. यात काय चुकतंय?

सुलट_उलट:
टाके तीन वाटांनी वाढतात, आणि कुठली वाट ते तुकड्यावर दिसतं.

पहिली वाट कडेची. नव्याने शिकताना बहुतेक जादा टाके इथेच येतात. ओळ संपली, सुया बदलल्या की गुंड्याकडे जाणारी लोकर पहिल्या टाक्यातूनच निघत असते. ती सुईच्या वरून मागे ओढली गेली की पहिला टाका ताणला जातो, त्याच्या खालचा टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय (फासाच्या दोन बाजू) सुईवर शेजारी शेजारी दोन टाक्यांसारखे दिसतात. ते दोन्ही विणले की एक टाका वाढला. इथे भोक पडत नाही, कड फक्त पायऱ्यापायऱ्यांनी बाहेर सरकत जाते. उपाय असा: नवी ओळ सुरू करण्याआधी लोकर पुढे आणून सरळ खाली ओढा. 'दोन' टाक्यांचा एकच होतो. मग लोकर सुईच्या खालून मागे न्या, वरून नाही, आणि विणायला लागा.

दुसरी वाट मधल्या भोकांची. सुलट विणताना लोकर मागे असायला हवी. ती चुकून पुढे राहिली आणि तसाच पुढचा टाका सुलट विणला की सुईवर एक जादा वेढा चढतो. पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक राहतं. जाळीच्या नमुन्यात हेच मुद्दाम करतात. बॉर्डर विणताना (दोन सुलट, दोन उलट) ही चूक सर्वांत जास्त होते, कारण दर दोन टाक्यांनी लोकर दोन सुयांच्या मधून पुढेमागे न्यावी लागते.

तिसरी वाट लोकर फाटण्याची. लोकर तीन-चार पदरांची असते. सुईचं टोक पदरांमध्ये घुसलं की अर्धे पदर एक टाका, उरलेले दुसरा. इथे भोक नाही, पण नेहमीपेक्षा बारीक, तिरपा धागा दिसतो.

तुमची भोकं दोन आहेत, म्हणजे दोन टाके मधले. उरलेले पाच बहुधा कडांचे.

लोकरगुंडा:
मधला वेढा पुढच्याच ओळीत लक्षात आला तर काही उसवावं लागत नाही. त्या वेढ्यापाशी पोचलात की तो डाव्या सुईवरून नुसता सोडून द्या. ढिली झालेली लोकर आजूबाजूच्या टाक्यांत वाटली जाते. चार-सहा ओळी वर गेल्यावर दिसला तर तेवढाच टाका सुईवरून सोडून भोकापर्यंत खाली गळू द्यायचा. जादा वेढा आपोआप नाहीसा होतो. तिथे थोडा ढिलेपणा राहतो, तो सुईच्या टोकाने शेजारच्या टाक्यांत ओढून घ्यायचा.

कडेला पाच जादा असतील तर मात्र उसवा. दोन-दोन टाके एकत्र विणून आकडा ३० वर आणता येतो, पण रुंदी वाकडीच राहते.

घट्टपणाबद्दल: सुया एवढ्यात बदलू नका. टाका कुठे तयार होतो ते पाहा. सुईचं टोक निमुळतं असतं. वेढा टोकावरच घेऊन ओढला तर टाका टोकाच्या जाडीचा होतो, ४ मिमीचा होत नाही. उजवी सुई जाड भागापर्यंत आत घाला, वेढा तिथे घ्या, टाका जाड भागावर आल्यावरच डाव्या सुईवरचा जुना टाका सोडा. आणि प्रत्येक टाक्यानंतर लोकर ओढायची सवय असेल तर ती आधी घालवा. लोकर बोटांमधून सरकत राहिली पाहिजे: करंगळीला एक वेढा, मधल्या दोन बोटांखालून, तर्जनीवरून.

धातूच्या सुयांवर टाके पटकन सरकतात, बांबूच्या सुया लोकर धरून ठेवतात. घट्ट विणणाऱ्याने धातूच्या घ्याव्यात, ढिलं विणणाऱ्याने बांबूच्या. सुई घेताना नंबर बघू नका, मिमी बघा. जुन्या ब्रिटिश मापात ८ नंबर म्हणजे ४ मिमी, अमेरिकन मापात ८ नंबर म्हणजे ५ मिमी. शिवाय ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन मापात जाड. नमुना एका मापातला आणि सुया दुसऱ्या मापातल्या झाल्या की स्वेटरचं माप चुकू शकतं.

खालची कड आवळत असेल तर टाके एक नंबर जाड सुईवर घाला.

टाकेमोजणी:
शेवटच्या मुद्द्याशी सहमत नाही. जाड सुईवर घातलेले वेढे मोठे होतात, पण कड आवळते ती दोन वेढ्यांमधला धागा आखूड राहिल्यामुळे. दोन सुया एकत्र धरून टाके घातले तरी तेच, पहिली ओळ लोंबती दिसते आणि खालची कड घट्टच राहते. अंतर वाढवा. प्रत्येक नवा टाका ओढताना आधीच्या टाक्यावर उजवी तर्जनी ठेवा आणि दोघांत २-३ मिमी जागा सोडा. टाके सुईवर रांगेत सुटे उभे दिसले पाहिजेत, एकमेकांना चिकटलेले नकोत. सुई तीच, ४ मिमी.

लांब शेपूट (लोकरीचं मोकळं टोक) सोडून टाके घालत असाल तर शेपटीचा अंदाज असा: सुईवर लोकरीचे १० वेढे घ्या, ती लांबी मोजा, ३० टाक्यांसाठी तिची तिप्पट करा आणि वर १५ सेंमी धरा. या लोकरीत एकूण ६० सेंमीच्या आसपास येईल. शेपूट पुरेल की नाही या धाकाने हात आखडतो, आणि कड घट्ट होण्याचं तेही एक कारण आहे.

मोजण्याबद्दल: पहिली २० ओळी तरी प्रत्येक ओळीनंतर टाके मोजाच. दर १० टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या धाग्याचं छोटं कडं सुईत अडकवा. १०-१०-१० दिसायला हवेत. ११ दिसले की चूक नेमकी कुठल्या भागात आहे ते लगेच कळतं आणि एकच ओळ मागे जावं लागतं. मागे जाताना सुई बाहेर काढू नका. उजव्या सुईवरच्या टाक्याच्या लगेच खाली जो टाका आहे त्यात डावी सुई पुढून घाला, वरचा टाका सोडा, लोकर ओढा. एकेक टाका असा उलगडतो आणि एकही निसटत नाही.

ओळी मोजायच्या तर सगळं सुलट विणलेल्या तुकड्यावर आडव्या उठावदार रेघा मोजा. एक रेघ म्हणजे दोन ओळी.

विणणं अर्ध्या ओळीत सोडू नका. सोडावंच लागलं तर पुन्हा हातात घेताना गुंड्याकडे जाणारी लोकर उजव्या सुईवर असली पाहिजे. उलटं धरलंत तर त्याच जागेवरून मागे फिराल, एक बाजू दोन ओळी उंच होईल आणि वळलात तिथे भोक पडेल. तुमच्या दोनपैकी एक भोक असंही असू शकतं. त्या भोकाच्या दोन्ही बाजूंच्या रेघा मोजून बघा.

नवी_सुई:
मोजल्या. एका भोकाच्या डावीकडे ३४ रेघा, उजवीकडे ३३! म्हणजे तिथे मागे फिरले होते. मग मधला जादा टाका एकच आणि कडांचे सहा. उसवते.
आणखी एक. काही ओळींत टाक्यांचे पाय एकमेकांवर चढल्यासारखे दिसतात, आणि तोच भाग जास्त घट्ट आहे. आणि टाका निसटला तर काय करायचं?

सुलट_उलट:
पाय एकमेकांवर चढले म्हणजे टाक्याला पीळ पडला. सुईवरचा टाका जवळून बघा. घोड्यावर स्वार बसावा तसा तो सुईवर बसतो, एक पाय पुढे, एक मागे. नीट बसलेल्या टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला असतो, आणि उजवी सुई त्याच पायात पुढून घालायची. डावा पाय पुढे दिसत असेल तर वेढा उलट्या दिशेने घेतला गेला आहे. वेढा असा: लोकर उजव्या सुईच्या मागून डावीकडे न्या आणि दोन सुयांच्या मधून पुढे आणा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. चुकीचा बसलेला टाका भेटला तर तो उसवू नका, त्याच्या मागच्या पायात सुई घालून विणा, पीळ पडत नाही. पिळाचे टाके कमी ताणले जातात म्हणून तो भाग घट्ट लागतो.

निसटलेला टाका: आधी हात थांबवा आणि त्यात सेफ्टी पिन घाला. ओढाताण केली की तो आणखी खाली गळतो. गळलेल्या जागी शिडीसारखे आडवे धागे दिसतील, एक पायरी म्हणजे एक ओळ. क्रोशाची सुई घ्या, ३.५ किंवा ४ मिमीची. सुलट बाजू समोर असेल तर ती टाक्यात पुढून घाला, लगेच वरची पायरी पकडा, टाक्यातून पुढे ओढा. मग पुढची पायरी. पायऱ्या खालून वर क्रमानेच घ्यायच्या. एक गाळलीत तर मागे लोंबता धागा राहतो.

तुमच्या तुकड्यात सगळ्या ओळी सुलट आहेत, म्हणून एक पायरी पुढून आणि एक मागून घ्यावी लागेल. मागून घ्यायची पायरी टाक्याच्या पुढे ठेवा, क्रोशा मागून पुढे घाला, पायरी पकडून मागे ओढा. पुढे गाठीसारखा उंचवटा आला की बरोबर. शेजारच्या टाक्यांशी ताडून बघत जा.

लोकरगुंडा:
चौथा प्रश्न राहिला. गुंडाळण्यात तुमची काही चूक नाही. एक सुई सुलट, एक सुई उलट विणलेलं कापड गुंडाळतंच: बाजूच्या कडा मागे वळतात, खालची आणि वरची कड पुढे. सुलट टाक्याची पुढची आणि मागची बाजू सारखी नसते, आणि या विणीत सगळे सुलट चेहरे एकाच बाजूला येतात, म्हणून ओढ एकतर्फी असते. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्ही बाजूंना सारखेच येतात आणि कापड सपाट राहतं.

मफलरला ही वीण हवीच असेल तर खाली-वर ६-६ ओळी सगळ्या सुलट, आणि प्रत्येक ओळीत सुरुवातीचे व शेवटचे ५-५ टाके नेहमी सुलट. दोन सुलट दोन उलट अशी अख्खी बॉर्डरची वीण घेतली तर कडांना काही करावंच लागत नाही. इस्त्रीने सपाट करायला जाऊ नका. अॅक्रिलिक गरम इस्त्रीखाली मऊ पडतं, लवचीकपणा जातो आणि तो परत येत नाही.

कड नीटस यावी म्हणून प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायचा, ही युक्ती चांगली आहे.

टाकेमोजणी:
चांगली आहे, पण या तुकड्यात नको. लोकर पुढे की मागे हे हाताला अजून बसलेलं नाही, त्यात न विणलेला टाका आला की कडेची चूक ओळखणं अवघड होतं. आधी ३० चे ३० ठेवून ४० ओळी होऊ द्या. शिवाय जी कड पुढे शिवायची आहे तिथे साधा विणलेला टाकाच बरा. न विणलेल्या कडेला दोन ओळींमागे एकच मोठा फास मिळतो आणि शिवण ढिली बसते.

नवी_सुई:
उसवून पुन्हा ३० टाके घातले, मध्ये जागा सोडून. १२ ओळी झाल्या, १०-१०-१० आहेत. टाके बंद करताना वरची कड आवळू नये म्हणून आत्ताच विचारून ठेवते.

सुलट_उलट:
इथे मात्र जाड सुई उपयोगी पडते, कारण बंद करताना प्रत्येक टाका शेजारच्या टाक्यातून जातो, म्हणून टाक्याच्या मापावरच कडेची लांबी ठरते. उजव्या हातात ५ मिमीची सुई घ्या. दोन टाके सुलट विणा, डाव्या सुईने पहिला उचलून दुसऱ्यावरून पलीकडे टाका. उजवीकडे एक उरला. आणखी एक विणा, पुन्हा तेच. विणलेला टाका थोडा वर ओढून मगच आधीचा त्यावरून टाका. सुरुवातीला रुंदीच्या चौपट लोकर शिल्लक आहे ना, ते बघा. तुमच्या तुकड्याला साधारण ६० सेंमी. शेवटी एक टाका राहिला की लोकर १५ सेंमी ठेवून कापा आणि त्या टाक्यातून ओढून घ्या.

लोकरीची मोकळी टोकं लपवायला ती बोथट शिवणसुईने उठावदार रेघेतल्या धाग्याच्या वळणानेच न्या, ५-६ टाके एका दिशेला, मग वळून ३-४ टाके परत. अॅक्रिलिक गुळगुळीत असतं, एकाच दिशेला नेलेलं टोक धुतल्यावर बाहेर येतं. उरलेलं टोक एकदा धुऊन झाल्यावर कापा.