मदत हवी आहे: बाल कल्याण समितीपुढं दुसऱ्या एका आईसोबत मी जाऊ शकते का?

नमस्कार. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं गाव. दसरा झाला की निम्मं गाव कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातं. तीन वर्षांमागं आम्ही दोघंबी सांगलीकडं फडात होतो, लेकरू आजीजवळ. ते बसस्थानकावर एकटं सापडलं. पोलिसांनी समितीपुढं नेलं, तिथून बालगृहात. परत मिळायला अडीच महिने गेले. त्यातला एक महिना तर कुणाला विचारायचं हेच कळंना म्हणून गेला. आत गेल्यावर मला सगळे वकीलच वाटले. "लेकराला का सोडलं?" म्हटल्यावर मी नुसती रडले. आगाऊ घेतलेली उचल फिटली नव्हती, मुकादम सोडत नव्हता, एवढं साधं सांगायचंबी सुचलं नाही.

आता शेजारच्या वाडीतल्या एकीवर तीच पाळी आलीय. मुलगी ९ वर्षांची. ती म्हणते, ताई तुम्ही यातून गेलात, संगं चला. गुरुवारी तारीख आहे. मी ना वकील ना कुठल्या संस्थेची, मला आत बसू देतील का? नवरा अजून फडातच आहे. आणि कुठल्याशा कागदावर अंगठा द्यायला सांगितलंय म्हणे, तो कसला असंल?

जुना_स्वयंसेवक:
ताई, वाडीचं नाव लिहिलं नाहीत हे बरं केलंत. मुलीचं नाव, फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही जाऊ देऊ नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं त्याला मनाई आहे.

आधी कागदाचं. तो समर्पणाचा असेल तर जपून, मूल कायमचं सोडल्याचा कागद असतो तो. त्यावर सही झाली तरी दोन महिन्यांत फेरविचार करता येतो. पण वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊच नये.

आत बसायचं तर समितीच्या परवानगीनं. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. आईनंच साध्या कागदावर अर्ज द्यावा, "मला बोलायला सुचत नाही, या ताईंना सोबत बसू द्या." नवरा कुठल्या कारखान्याच्या फडात आहे, कधी परततो, हेही त्यातच लिहा. आणि उद्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिथं विधी स्वयंसेवक होण्याचंही विचारून ठेवा. न्यूयॉर्कमध्ये ज्यांची मुलं अशी गेली होती तेच आईबाप पगारावर वकिलाच्या जोडीनं काम करतात. आपल्याकडं ते काम तुमच्यासारख्या बाया फुकटात करतात, असो.

सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत व्हायला पाहिजे. तपासणीला माणूस येईल तेव्हा घरी कुणीतरी असू द्या. दाराला कुलूप दिसलं की अहवालातही कुलूपच येतं.

लातूरकर_बाप:
माझ्या पोराच्या वेळी भावकीतला एक शहाणा सोबत आला आणि सगळं तोच बोलला. शेवटी मॅडमनी बायकोला विचारलं, तुम्हाला स्वतःला काही सांगायचंय का? तिला बोलताच आलं नाही. म्हणून सांगतो ताई, तुम्ही बोलू नका. बुधवारी रात्री तिच्याकडून दोन-तीनदा बोलून घ्या.

एक प्रश्न हमखास येतो, पुढच्या दसऱ्याला लेकरू कुणाजवळ? आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलं गावातच राहतात त्या हंगामी वसतिगृहाचं आम्ही शाळेत विचारून गेलो होतो, हेडमास्तरांची चिठ्ठी दाखवली. मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं कायद्यातच आहे, त्यामुळं त्यांनाही असलं काही हातात पाहिजे असतं.

धागाकर्ती:
दादा, दोघांचेबी उपकार. कागदाचा फोटो मागवून शेजारच्या पोराकडून वाचून घेतला. समर्पणाचा नाही, गुरुवारच्या तारखेची नोटीस आहे, पोच म्हणून अंगठा पाहिजे. ती बिचारी दोन दिवस जेवली नव्हती त्या कागदापायी. तिच्या सासूला घरी थांबायला सांगितलंय. चिठ्ठीसाठी सकाळी शाळेत जातो आम्ही, तिथूनच पुढं विधी सेवात. गुरुवारी काय झालं ते इथंच लिहिते.