विस्मृतीत गेले, की नावंच खोडली? कंट्री आणि डान्सवाले जुने गायक

पोटमाळा:

परवा भाचीला झुंबाच्या क्लासला सोडायला गेलो, तर आतून तीच आरोळी: "एव्हरीबडी डान्स नाऊ!" नव्वदच्या आसपास कॉलेजात असलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ओळखेल. पण आरोळी कुणाची? व्हिडिओत ओठ हलवते ती झेल्मा डेव्हिस, शिडशिडीत, कॅमेऱ्याला आवडणारी. गळा मार्था वॉशचा. बाई अंगाने जाड, म्हणून पडद्यावर नको. १९९० साली सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या अमेरिकन डान्स ग्रुपने हा उद्योग केला. त्याच सुमारास ब्लॅक बॉक्स या इटालियन मंडळींनीही तिच्याच आवाजावर एका मॉडेलला ओठ हलवायला लावले.

आता दुसरं टोक. डीफोर्ड बेली, अमेरिकेतल्या टेनेसीचा काळा वादक, लहानपणी पोलिओ झालेला, उंची पाच फूटही नाही. माउथऑर्गनवर हा आगगाडी काढायचा. १० डिसेंबर १९२७ च्या रात्री नॅशव्हिलच्या रेडिओवर आधी अभिजात संगीताचा कार्यक्रम झाला, मग बेलीची गाडी धडधडत गेली. त्यावर निवेदक जॉर्ज हे याने कोटी केली, की आतापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका 'ग्रँड ओल ऑप्री'. कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या ढंगाचं संगीत; त्याची पंढरी ठरलेल्या या रेडिओ कार्यक्रमाचं नाव असं पडलं. त्याच पंढरीतून १९४१ साली बेलीला काढलं. मग नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान. १९८२ साली गेला आणि कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २००५ साली.

अशांना आपण 'विस्मृतीत गेलेले' म्हणतो. मला ते पटत नाही. विसरायला आधी नाव ठाऊक असावं लागतं.

खडूस_आजोबा:

लिहिलंय छान, मत पटलं नाही. त्या काळी ऑप्रीत वाजवणारे किती गोरे आज कुणाला आठवतात? काळ सगळ्यांनाच चाळतो. आणि १९४१ चं कारण अर्धवट सांगू नका. तेव्हा रेडिओ स्टेशनं आणि गाण्यांचे हक्क सांभाळणारी ॲस्कॅप यांचं पैशांवरून भांडण पेटलं होतं. ॲस्कॅपच्या यादीतली गाणी रेडिओवर बंद. बेलीच्या गाजलेल्या चिजा त्यात अडकल्या आणि नवं काही तो बसवेना.

कंट्री गायक चार्ली प्राइड काळाच होता ना? कंट्रीच्या यादीत दोन डझनांहून जास्त गाणी पहिल्या नंबरावर, १९७१ साली सीएमए या कंट्रीवाल्यांच्या संघटनेचा 'एंटरटेनर ऑफ द इयर'. गळ्यात दम असला की कातडी आड येत नाही.

अनघा_अटलांटा:

आजोबा, प्राइडचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. १९६६ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या पहिल्या तबकड्या रेडिओवाल्यांना पाठवल्या त्या फोटोशिवाय. आधी गळा आवडू दे, कातडी मागाहून कळू दे. कातडी आड येत नव्हती तर लपवली कशाला?

"नवं बसवेना" हे जॉर्ज हेचं म्हणणं. बेलीचं म्हणणं वेगळं होतं: नव्या चिजा येत होत्या, पण मागणी कायम त्याच जुन्यांची. पंधराएक वर्षं "आगगाडी वाजव, आगगाडी वाजव" करायचं आणि एक दिवस "तुला आगगाडीशिवाय येतंच काय" म्हणून घरी पाठवायचं! दौऱ्यावर बरोबरचे हॉटेलात उतरायचे, याला तिथे खोली नाही. हेही त्या ॲस्कॅपच्या भांडणामुळेच का?

कंट्री गायिका लिंडा मार्टेलही इथे हवी. साउथ कॅरोलायनाची. १९६९ साली ऑप्रीच्या मंचावर एकटीने गाणारी पहिली काळी बाई. तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलचं नाव काय असावं? 'प्लँटेशन'. म्हणजे जिथे गुलाम राबायचे तो मळा. १९७० मध्ये एक अल्बम आला आणि तेवढाच. कंपनीच्या मालकाशी बिनसलं, दारं बंद झाली, पुढे ती गावाकडे शाळेची बस चालवत होती. २०२४ मध्ये बियॉन्सेने आपल्या कंट्री अल्बममध्ये तिचा आवाज घेतला, तेव्हा बाई ऐंशी ओलांडून गेलेली.

गुळाचा_खडा:

कंट्रीबद्दल अनघाताईंना +१. डान्सबद्दल मात्र धागाकर्त्याशी भांडायचंय. पडद्यावर एक आणि गळा दुसरीचा, यात आपल्याला कसला धक्का बसतो? आपली अख्खी चित्रपटसृष्टी त्यावर उभी आहे. मधुबालाचे ओठ, लताबाईंचा गळा. कुणी फसवलं म्हणून बोंब मारत नाही.

पोटमाळा:

गुळाचा खडा, मधुबालाचंच नाव काढलंत ते बरं केलंत. १९४९ च्या 'महल'च्या तबकडीवर 'आयेगा आनेवाला'ची गायिका म्हणून काय छापलं होतं? 'कामिनी'. चित्रपटातल्या पात्राचं नाव! श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून लिहून विचारलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव हवेत गेलं. आपल्याकडेही नाव फुकट मिळालेलं नाही. पार्श्वगायन ही फसवणूक नाही, कबूल. पार्श्वगायिकेचं नावच न छापणं ही फसवणूक.

मार्थाबाईही गप्प बसल्या नाहीत. कोर्टात गेल्या, कंपन्यांना तडजोड करावी लागली.

खडूस_आजोबा:

मग डिस्को गायिका लोलीटा हॉलोवे घ्या. १९८० चं तिचं गाणं, त्यातल्या किंकाळ्या उचलून ब्लॅक बॉक्सने 'राइड ऑन टाइम' केलं. १९८९ मध्ये इंग्लंडात सहा आठवडे पहिला नंबर. चोरी झाली, मान्य. पण ती चोरी झाली नसती तर माझ्यासारख्याने हॉलोवेचं नाव ऐकलं असतं का? मी उलट वाटेने तिच्यापर्यंत पोचलो. चोरानेच पत्ता दिला!

अनघा_अटलांटा:

म्हणजे घर फोडणाऱ्याचे आभार, कारण त्याच्यामुळे घरात काय होतं ते कळलं. धन्य.

सोलापुरी_चादर:

जरा विषयांतर. डिस्कोत नाव नसलेला आपला माणूस म्हणजे संगीतकार बिद्दू. बंगळूरचा. 'कुंग फू फायटिंग' १९७४ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या नंबरावर होतं, ते त्याने केलेलं. 'आप जैसा कोई' पण त्याचंच. नाझिया हसन सगळ्यांना आठवते, बिद्दू म्हटलं की "कोण?"

खडूस_आजोबा:

चादर, संगीतकाराला कोण विचारतो हो. असो. पोटमाळा, तुम्हाला एकच प्रश्न. नव्वद साली तुमच्याकडे त्या गाण्याची कॅसेट असणारच. तिच्यावर कुणाचं नाव होतं?

पोटमाळा:

आजोबा, तुमच्यामुळे काल स्टूल घेऊन खरोखरच माळ्यावर चढलो. सापडली. विकतची नाहीच ती, दुकानातून भरून आणलेली, साठची टीडीके. डबीतल्या पुठ्ठ्यावर निळ्या बॉलपेनने माझंच अक्षर: 'इंग्लिश डान्स – २'. खाली बारा गाण्यांची यादी. सहाव्या ओळीत 'एव्हरीबडी डान्स', पुढे कंसात 'जाड आवाजवाली'. आणि वरच्या कोपऱ्यात, दोनदा अधोरेखित करून, माझं स्वतःचं नाव.