मदत हवी आहे: नव्या पायवाटेवरून धावत उतरताना मांड्या भरून येतात, वाटही उकरली जाते

नमस्कार मंडळी,

जवळच्या टेकडीवर जाणारी नवी पायवाट नुकतीच खुली झाली. आजवर मी सपाट रस्त्यावरच धावत आले, १० किलोमीटरला साधारण ६० मिनिटं लागतात. रविवारी पहिल्यांदाच ही वाट धावून पाहिली. लांबी १.८ किलोमीटर, चढ २४० मीटर, म्हणजे सरासरी १३ टक्के. चढायला २४ मिनिटं लागली, उतरायला १७. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२ सालच्या ठोकताळ्याने (तासाला ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास) चालत वर जायला ४६ मिनिटं होतात. त्यामुळे चढाबद्दल तक्रार नाही. जिथे फार उभं वाटलं तिथे सरळ चालले, दम पुरला.

घोळ झाला तो उतारावर. वाट अजून कच्ची आहे. खोदलेल्या कडा ताज्या, माती बसलेली नाही, वर सुट्या मुरमाचा थर. तिसऱ्या वळणावर वेग आवरायला टाच रोवली आणि बाहेरची कड बुटाखालून ढासळली. मी घसरून बसले, तळहात खरचटला. उठून पाहिलं तर टाचेनं ओढलेली हातभर चरी मातीत स्पष्ट दिसत होती. फार वाईट वाटलं. कुणीतरी एवढ्या कष्टानं काढलेली वाट, आणि पावसाचं पाणी नेमकी अशीच चरी धरून तिची घळ करतं. दोन वळणांवर तर लोक आत्ताच सरळसोट खाली उतरू लागलेत, तिथलं गवत आडवं झालंय.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला, इतक्या मांड्या भरल्या होत्या. चौथ्या दिवशी मोकळ्या झाल्या.

ब्रेक न लावता, पण ताबाही न सुटता कसं उतरायचं? आणि माती बसेपर्यंत या वाटेवर धावूच नये का? चालायला येणाऱ्यांइतकीच ही वाट मलाही टिकायला हवी आहे.

प्रतिसाद

मांड्या आणि चरी, दोन्हींचं मूळ एकच: टाच. पाय शरीराच्या पुढे पडला की टाच रुतते, आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच सगळं वजन अडवतो. त्यानंच मांडी दुखते, आणि १ ते ३ दिवसांनी जास्त दुखते. पावलं छोटी आणि भराभर टाका, पाय कमरेच्या खालीच पडू द्या, मागे रेलू नका. नजर बुटावर नको, चार-पाच पावलं पुढे ठेवा. हात थोडे बाजूला सुटे ठेवले की तोल राहतो. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही, आणि वाटेच्या मधूनच जा, नवी कड भरवशाची नसते.

उताराची सवय लवकर लागते. एकदा बेतानं उतरून झालं की पुढच्या वेळी तेवढ्याच उतारानं मांड्या खूप कमी दुखतात, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून लगेच पूर्ण उतार नको, निम्म्यावरून सुरुवात करा. माती किंचित ओलसर असताना धावलात तर चालेल. बुटाला चिखल चिकटत असेल त्या दिवशी मात्र त्या वाटेला जाऊच नका, वाटेचं खरं नुकसान तेव्हा होतं.

धागा सुरू करणारीकडून

मनापासून आभार. आज निम्म्या उंचीवरून तीनदा उतरले. पहिल्या खेपेला पावलं आपोआप लांब पडत होती, तिसऱ्या खेपेला जमलं. वळणापाशी थांबून मागे पाहिलं: नुसते बुटांचे ठसे, चरी नाही.

एक राहिलंच. लोक जिथून सरळसोट उतरतात तिथे वाळक्या फांद्या आडव्या टाकल्या तर चालेल, की वाट काढणाऱ्यांना आधी विचारावं?