आक्षेप येताच शोधनिबंधावर इशारा लावावा का?

साक्षेपी:
लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला निबंध ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने फेब्रुवारी १९९८ मध्ये छापला. २००४ मध्ये १३ पैकी १० लेखकांनी त्या अन्वयार्थातून अंग काढून घेतले, तरी निबंध पूर्णपणे मागे घेतला जायला फेब्रुवारी २०१० उजाडला. गंभीर आक्षेप आला की चौकशी संपण्याची वाट न पाहता संपादकांनी निबंधाच्या माथ्यावर तशी नोंद करावी, असे माझे मत आहे. कारण संपादकांचे मौन वाचकाला संमतीच वाटते.

पूर्वपक्ष:
संपादक म्हणजे पोलीस नव्हेत. रुग्णांचे मूळ कागद संशोधकाच्या संस्थेकडे असतात, आणि साक्षीदार बोलावण्याचा अधिकार संपादकांना नसतो. तुमच्याच उदाहरणात डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने जानेवारी २०१० मध्ये प्रमुख लेखकाविरुद्ध निर्णय दिल्यावर काही दिवसांतच निबंध मागे घेतला गेला. निनावी तक्रारीवरून लागलेला डाग आरोप खोटा ठरला तरी पुसला जात नाही, आणि प्रतिस्पर्ध्यांना तेवढेच पुरते.

साक्षेपी:
मग कोविडच्या काळात, २०२० मध्ये ‘लॅन्सेट’लाच तत्परता कशी जमली? ९६ हजार रुग्णांच्या नोंदींचा दावा करणारा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा निबंध २२ मे रोजी आला; तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. शंभराहून अधिक संशोधकांनी जाहीर पत्र लिहिल्यावर मात्र जूनच्या आरंभी आधी इशारा लागला आणि ४ तारखेला निबंध मागे घेतला गेला.

पूर्वपक्ष:
कारण चारपैकी तीन लेखकांनीच तो मागे घेतला! नोंदी ज्या कंपनीच्या होत्या, तिने त्या स्वतंत्र तपासणीसाठी दिल्या नाहीत. लेखक अडून बसले असते, तर तेरा दिवस पुरले नसते.

रेणुका:
आपण दोघेही सगळे आक्षेप एकाच मापाने मोजत आहात. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या अल्झायमरवरच्या २००६ च्या निबंधात वेस्टर्न ब्लॉटच्या (नमुन्यातली प्रथिने गडद पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या) छायाचित्रांत फेरफार झाल्याची शंका होती. अशी पट्टी कापून चिकटवली असेल, तर कडेशी पार्श्वभूमीची करडी छटा एकदम तुटते, आणि चित्र मोठे केले की ते कोणालाही दिसते. तिथे जुलै २०२२ मध्ये सावधगिरीची सूचना लागली, आणि निबंध मागे घेतला गेला जून २०२४ मध्ये. मधली दोन वर्षे वाचक निदान अंधारात नव्हता.

पूर्वपक्ष:
चित्रांपुरते मान्य, कारण पुरावा छापील पानावरच असतो. रुग्णांच्या नोंदींबाबत मात्र नाही.

साक्षेपी:
तिथेही ‘अमुक तारखेला आक्षेप आला, मूळ नोंदी मागितल्या, अद्याप मिळालेल्या नाहीत’ एवढे लिहिण्यात आरोप कोणता?